बायबलबाहेर राहिलेलं सुरुवातीचं ख्रिस्ती लेखन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या करारात 27 पुस्तकं आहेत हे चर्चमध्ये वाढलेल्या बहुतेकांना माहीत असतं. ती 27च का, हा प्रश्न मात्र सहसा एखादी मालिका किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा फॉरवर्ड पाहून पडतो आणि तिथे मिळणारं उत्तर बहुधा कटकारस्थानाचं असतं. खरी हकिकत बरीच संथ आहे, आणि मला विचाराल तर जास्त रंजकही. खालचे प्रश्न ख्रिस्ती आणि ख्रिस्तेतर अशा दोन्ही वाचकांना पडणारे आहेत.

बायबलमधून "काढून टाकलेली" पुस्तकं कोणती?

काढून टाकण्यासाठी ती आधी आत असायला हवीत, आणि यातली बहुतेक कधीच आत नव्हती. नव्या करारात चार शुभवर्तमानं (येशूचं जीवन आणि शिकवण सांगणारी पुस्तकं), प्रेषितांची, म्हणजे येशूने पाठवलेल्या शिष्यांची, कृत्यं, 21 पत्रं आणि प्रकटीकरण आहे. पहिल्या तीन-चारशे वर्षांत याच चार प्रकारांत इतरही भरपूर लेखन झालं. थोमा, पेत्र, मरीया, फिलिप आणि यहूदा यांच्या नावांची शुभवर्तमानं आहेत. पौल, पेत्र, योहान, अंद्रिया, थोमा यांची "कृत्यं" आहेत. क्लेमेंट आणि बर्णबा यांच्या नावांची पत्रं आहेत, पेत्राच्या नावाचं एक प्रकटीकरणही आहे. यातली काही पुस्तकं आज पूर्ण मिळतात, काहींची फाटकी पानं उरली आहेत. काही तर फक्त कोणीतरी टीका करताना दिलेल्या दोन-चार ओळींपुरती शिल्लक आहेत. "इब्री लोकांचं शुभवर्तमान" त्यातलंच एक.

कॅथलिक बायबलमध्ये 73 आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं असतात, तो फरक हाच का?

नाही. तो फरक जुन्या करारातला आहे. टोबीत, यहूदीथ, मक्काबी वगैरे पुस्तकं ख्रिस्तपूर्व यहुदी परंपरेतली आहेत. नव्या कराराची 27 पुस्तकं दोघांचीही तीच. हा घोळ इतका होतो की वाद घालणारे दोघे कित्येकदा वेगवेगळ्या पुस्तकांबद्दल बोलत असतात.

मग ही 27 पुस्तकं ठरवली कोणी? रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने नायसियाच्या परिषदेत?

इ. स. 325 च्या नायसिया परिषदेत ख्रिस्ताच्या देवत्वाबद्दलचा वाद, ईस्टरची तारीख आणि धर्मगुरूंच्या शिस्तीचे नियम हे विषय होते. तिथल्या नियमांत बायबलमधल्या पुस्तकांची यादी नाही. कॉन्स्टंटाइनचा संबंध आहे तो एवढाच की पुढे त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चांसाठी युसेबियस या बिशपकडे धर्मग्रंथाच्या 50 प्रती मागितल्या.

यादी घडायला त्याआधीच सुरुवात झाली होती आणि नायसियानंतरही ती बरीच वर्षं घडत राहिली. इ. स. 144 च्या सुमारास रोममध्ये मार्सियन नावाच्या एका सधन माणसाने आपली स्वतःची यादी काढली: लूकचं शुभवर्तमान, तेही कापलेलं, आणि पौलाची दहा पत्रं. जुना करार त्याने पूर्ण नाकारला. चर्चने त्याला बाहेर काढलं, पण "मग आपली पुस्तकं कोणती?" हा प्रश्न मागे राहिला. इ. स. 180 च्या आसपास आजच्या फ्रान्समधल्या लियाँचा बिशप आयरेनियस शुभवर्तमानं चारच, ना जास्त ना कमी, असं ठासून लिहितो. म्हणजे चारांचा गाभा दुसऱ्या शतकातच पक्का होत होता. वाद होता तो कडेच्या पुस्तकांचा.

तो वाद किती मोकळा होता हे चौथ्या शतकाच्या सुरुवातीला युसेबियसनेच लिहून ठेवलं आहे. तो पुस्तकांची वर्गवारी करतो. सर्वमान्य पुस्तकांचा एक गट. वादग्रस्त पुस्तकांचा दुसरा, आणि त्यात याकोबाचं पत्र, यहूदाचं पत्र, पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं आणि तिसरं ही आज आपल्या बायबलमध्ये असलेली पुस्तकं! मग "अस्सल नव्हेत" अशी, आणि शेवटी साफ पाखंडी. प्रकटीकरणाबद्दल तर तो म्हणतो की हवं तर मान्य गटात धरा, हवं तर नाकारलेल्यांत.

आजची अगदी हीच 27 नावं, कमी नाही की जास्त नाही, पहिल्यांदा दिसतात ती अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस याने इ. स. 367 मध्ये लिहिलेल्या ईस्टरच्या पत्रात. मग उत्तर आफ्रिकेत हिप्पो (393) आणि कार्थेज (397) इथल्या परिषदांनी तीच यादी मान्य केली. त्या स्थानिक परिषदा होत्या. कॅथलिक चर्चने अधिकृत शिक्का मारला तो थेट 1546 मध्ये, ट्रेंटच्या परिषदेत.

पुस्तक आत घ्यायचं की नाही, याची कसोटी काय होती?

तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. लेखन प्रेषितांचं किंवा त्यांच्या जवळच्या माणसाचं आहे का? ठिकठिकाणच्या मंडळ्यांमध्ये, म्हणजे ख्रिस्ती समुदायांमध्ये, ते उपासनेत वाचलं जातं का? आणि शिकवण आपल्याला मिळालेल्या श्रद्धेशी जुळते का? पण हे निकष कोणी आधी ठरवून मग परीक्षा घेतली असं झालं नाही. वापर आधी होता, समर्थन नंतर आलं.

अंत्युखियाचा बिशप सेरापियन याची हकिकत इथे सांगायलाच हवी. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस त्याच्या हाताखालच्या ऱ्होसस गावातली मंडळी पेत्राचं शुभवर्तमान वाचत होती. त्यावरून भांडण झालं. सेरापियनने पुस्तक न वाचताच सांगितलं, एवढ्यावरून वाद असेल तर वाचू द्या. नंतर कानावर आलं की काही जण त्याच्या आधारे "येशूचं शरीर खरं नव्हतंच, नुसता भास होता" असं शिकवताहेत. तेव्हा त्याने प्रत मागवून घेतली, स्वतः वाचली आणि कळवलं की बरंचसं ठीक आहे, पण काही भर घातलेली आहे. परवानगी त्याने मागे घेतली. सैन्य नाही, होळी नाही. एका बिशपने पुस्तक मागवलं आणि वाचलं.

ते पुस्तक पुढे हरवलं. 1886-87 च्या हंगामात वरच्या इजिप्तमधल्या अखमीम इथे एका थडग्यात त्याचा काही भाग सापडला. त्यातला पुनरुत्थानाचा प्रसंग नव्या करारात कुठेच नाही. तिथे येशू कबरीतून बाहेर येताना कोणी पाहत नाही. इथे पहाऱ्यावरचे शिपाई पाहतात: तीन पुरुष बाहेर येतात, दोघांनी तिसऱ्याला आधार दिलेला, दोघांची डोकी आभाळाला टेकलेली, तिसऱ्याचं आभाळाच्याही वर गेलेलं, आणि त्यांच्यामागून क्रूस चालत येतो. आकाशातून आवाज विचारतो, "निजलेल्यांना तू संदेश दिलास का?" आणि क्रूसच उत्तर देतो, "होय."

थोडक्यात हुकलेली पुस्तकं कोणती?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, कारण "पाखंडी म्हणून फेकून दिलं" ही समजूत इथे पूर्ण कोसळते.

सिनाई पर्वताच्या पायथ्याशी सेंट कॅथरीन मठात सापडलेली चौथ्या शतकातली बायबलची मोठी हस्तलिखित प्रत, कोडेक्स सिनाइटिकस, आज तिचा मोठा भाग लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्यात प्रकटीकरणानंतर दोन पुस्तकं येतात: बर्णबाचं पत्र आणि "हर्मासचा मेंढपाळ". पाचव्या शतकातल्या कोडेक्स अलेक्झांड्रिनसमध्ये क्लेमेंटची दोन पत्रं आहेत. ही माणसं हे लेखन बायबलच्याच पुठ्ठ्यात बांधत होती.

हर्मास हा रोममधला, गुलामीतून सुटलेला माणूस. त्याला दृष्टान्त होतात. एक म्हातारी भेटते, ती म्हणजे चर्च. पाण्यावर एक मनोरा बांधला जातोय, दगड निवडले जाताहेत, काही बाजूला टाकले जाताहेत. बाप्तिस्म्यानंतर पाप घडलं तर पुन्हा संधी आहे का, या प्रश्नाने तो बेजार आहे, आणि त्याला मिळालेलं उत्तर असं की आहे, पण एकदाच. मिलानच्या ग्रंथालयातून 1740 मध्ये मुरातोरी या इटालियन विद्वानाने प्रसिद्ध केलेल्या एका जुन्या यादीत या पुस्तकाबद्दल म्हटलं आहे की ते अलीकडेच, आपल्या काळात लिहिलं गेलं. जरूर वाचावं, पण प्रेषितांच्या लेखनासोबत उपासनेत नको. त्याच यादीत पेत्राच्या प्रकटीकरणाची नोंद आहे आणि लगेच पुढे, आमच्यातल्या काहींना ते चर्चमध्ये वाचलेलं नको आहे, असंही.

माझं स्वतःचं आवडतं पुस्तक "डिडाखे", म्हणजे बारा प्रेषितांची शिकवण. जेमतेम काही पानांचं. 1873 मध्ये फिलोथिओस ब्रिएनिओस या ग्रीक धर्मगुरूला कॉन्स्टँटिनोपलमध्ये 1056 सालच्या एका हस्तलिखितात ते सापडलं आणि दहा वर्षांनी त्याने छापलं. सुरुवातीच्या मंडळीचा रोजचा व्यवहार इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसतो. बाप्तिस्मा वाहत्या पाण्यात द्यावा. ते नसेल तर दुसऱ्या पाण्यात, गार नसेल तर कोमट चालेल, आणि तेवढंही पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावं. उपास बुधवारी आणि शुक्रवारी करावा. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी.

आणि मग फिरत्या उपदेशकांचे नियम. दारी आलेल्या प्रेषिताचं स्वागत करा. तो एक दिवस राहील, गरज पडली तर दुसरा. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या, पैसे मागितले तर तो खोटा. आत्म्याच्या संचारात "जेवण मांडा" असं सांगून स्वतःच त्यावर बसला, तरी खोटाच. कोणाला गावात राहायचंच असेल तर त्याने आपला धंदा करून खावं. नुसतं ख्रिस्ताच्या नावावर पोट भरणाऱ्यांपासून सांभाळा. भोंदूगिरीला वैतागलेल्या आणि तरीही पाहुण्याला उपाशी पाठवायची तयारी नसलेल्या माणसांचा हा आवाज आहे. अथानेशियसने 367 च्या त्याच पत्रात डिडाखे आणि मेंढपाळ ही दोन्ही पुस्तकं यादीबाहेर ठेवली आणि नव्याने येणाऱ्यांना वाचायला द्यावीत असंही लिहिलं.

येशूच्या बालपणाबद्दल काही मिळतं का?

लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांसोबत बसलेला दिसतो, तो सोडला तर नवा करार मधल्या वर्षांबद्दल गप्प आहे. लोकांना ते गप्प राहणं सहन झालं नाही. थोमाचं बालपणाचं शुभवर्तमान (खाली येणाऱ्या थोमाच्या शुभवर्तमानाशी याचा संबंध नाही) दुसऱ्या शतकातलं मानतात. त्यात पाच वर्षांचा येशू ओढ्याकाठी चिखलाच्या बारा चिमण्या करतो. शब्बाथाच्या, म्हणजे यहुदी विश्रांतीच्या, दिवशी हे काम कसलं, म्हणून तक्रार होते. योसेफ रागावतो. मुलगा टाळी वाजवतो आणि चिमण्या चिवचिवत उडून जातात. हा प्रसंग इतका दूर पोचला की मातीच्या पक्ष्याचा उल्लेख कुराणातही आहे.

पण पुढची पानं गोड नाहीत. पळताना एक पोरगा खांद्याला आपटतो आणि येशूच्या शब्दासरशी मरून पडतो. मास्तर "आल्फा म्हण" (ग्रीक वर्णमालेतलं पहिलं अक्षर) म्हणून दटावतात, तर त्यांचीच शोभा होते. हळूहळू हा रागीट मुलगा बरं करणारा, जिवंत करणारा होतो. बायबलमध्ये हे पुस्तक का नाही, असं विचारावंसं कोणालाच वाटणार नाही. ते सतत वाचलं मात्र गेलं. 2024 मध्ये हॅम्बर्गच्या विद्यापीठ ग्रंथालयातल्या पपायरसच्या (लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाच्या) एका तुकड्यावर याच चिमण्यांचा प्रसंग ओळखला गेला. चौथ्या-पाचव्या शतकातला तो तुकडा अक्षर ओबडधोबड म्हणून एखादी रोजच्या वापराची चिठ्ठी समजून बाजूला पडला होता.

ही पुस्तकं चर्चने नाकारली, मग त्यांचा आज आपल्याशी संबंध काय?

येशूची आई मरीया हिच्या आईवडिलांची नावं सांगा. आन्ना आणि योआकिम. आता ती नव्या करारात शोधा. सापडणार नाहीत. ती येतात दुसऱ्या शतकातल्या "याकोबाचं आद्य शुभवर्तमान" या पुस्तकातून. मूलबाळ नसल्यामुळे योआकिमचं अर्पण हिणवलं जातं, तो रानात निघून जातो. आन्ना बागेत एका झाडाखाली बसून वर पाहते, तिथे चिमण्यांचं घरटं असतं, आणि ती शोक करते की पाखरांना, जनावरांना, पाण्याला, मातीलाही फळ आहे, मलाच नाही. मग मरीया होते.

गोव्यात तिसवाडीतल्या तळावलीच्या सांत आनाच्या चर्चमध्ये जुलैअखेरीच्या फेस्ताला लोक तवशी, म्हणजे काकड्या, अर्पण करतात, आणि मूल व्हावं म्हणून नवस करणारी जोडपी त्यात असतात. वांद्र्याच्या मोत माउलीची जत्रा आणि गोव्या-मंगळुरातलं मोंती फेस्त भरतं ते 8 सप्टेंबरच्या सुमारास, मरीयेच्या जन्माच्या सणाला. त्या जन्माची कथा बायबलमध्ये नाही, याच पुस्तकात आहे. नाताळच्या गोठ्यातले बैल आणि गाढव? लूकच्या शुभवर्तमानात गव्हाणी आहे, जनावरं नाहीत. गव्हाणीपाशी वंदन करणारे बैल-गाढव ठळकपणे येतात ते नंतरच्या एका बालपणकथेत, जुन्या करारातल्या यशयाच्या एका ओळीचा आधार घेऊन. येशूसोबत क्रूसावर दिलेल्या चोरांची दिस्मास आणि गेस्तास ही नावं रोमन सुभेदार पिलात याच्या नावावरच्या लेखनातली. पेत्राला उलटं क्रूसावर दिलं, ही हकिकत "पेत्राची कृत्यं" या पुस्तकातली.

म्हणून मी म्हणतो की ही पुस्तकं उपासनेतल्या वाचनाबाहेर राहिली, भक्तीबाहेर कधीच गेली नाहीत.

याच याकोबाच्या पुस्तकातलं एक पान मला कोणत्याही शुभवर्तमानाइतकंच सुंदर वाटतं. योसेफ सुईण शोधायला निघालाय आणि अचानक जग थांबतं. आकाशात पाखरं जागच्या जागी थिजतात. मजूर जेवायला बसलेत, हात कढईत, पण घास उचलला जात नाही. मेंढपाळाने काठी उगारलीय, ती खाली येत नाही. करडांची तोंडं पाण्याला टेकलीत, पण ती पीत नाहीत. आणि मग एकदम सगळं पुन्हा चालू होतं.

थोमाचं शुभवर्तमान इतकं गाजतं ते का?

कारण त्यात गोष्टच नाही. जन्म नाही, चमत्कार नाही, क्रूस नाही, पुनरुत्थान नाही. आहेत ती येशूची 114 वचनं, एकापाठोपाठ एक. निम्म्याच्या आसपास वचनांना मत्तय, मार्क, लूक यांत जुळी भावंडं सापडतात. बाकीची नवी आहेत. लाकूड फोडा, मी तिथे आहे. दगड उचला, तिथे मी सापडेन. किंवा हा दृष्टान्त: एक बाई पिठाने भरलेलं मडकं घेऊन लांबच्या वाटेने निघाली. मडक्याचा कान फुटला, पीठ तिच्यामागे वाटेवर सांडत राहिलं, तिला कळलंच नाही. घरी येऊन मडकं खाली ठेवलं तर ते रिकामं. पित्याचं राज्य असं आहे. अर्थ सांगितलेला नाही.

आपल्याकडच्या वाचकाला लाकडा-दगडाच्या वचनात चटकन अद्वैत दिसतं. मला तो मोह समजतो, तरी सावध राहायला सांगेन. त्याच संग्रहाच्या अखेरच्या वचनात मरीया नावाच्या शिष्येला राज्यात येण्यासाठी पुरुष व्हावं लागेल असं म्हटलेलं आहे. वचनं निवडून वाचली की पुस्तक आपल्याला हवं तसं दिसतं. काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. बरेच जण दुसरं शतक धरतात, काहींना त्यात त्याहून जुना थर दिसतो.

नाग हम्मादीला नक्की काय सापडलं?

डिसेंबर 1945 मध्ये वरच्या इजिप्तमधल्या नाग हम्मादी गावाजवळ, डोंगराच्या पायथ्याशी खत म्हणून माती खणणाऱ्या शेतकऱ्यांना एक बंद रांजण मिळाला. आत चामडी पुठ्ठ्यांत बांधलेल्या 13 वह्यांचा ऐवज होता, चौथ्या शतकातला, कॉप्टिक या इजिप्तच्या जुन्या भाषेतला. एकूण 52 लेख. घरी आणल्यावर काही पानं चुलीत गेली असं सांगतात. सापडण्याच्या या कथेतल्या तपशिलांवर अलीकडे शंका घेतल्या गेल्या आहेत, वह्यांबद्दल शंका नाही. त्या आता कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात आहेत. थोमाचं शुभवर्तमान पूर्ण स्वरूपात इथेच मिळालं. ते मिळाल्यावर लक्षात आलं की इजिप्तमधल्याच ऑक्सिऱ्हिंकस या प्राचीन शहराच्या उकिरड्यात 1897 पासून सापडलेले काही ग्रीक तुकडेही त्याचेच होते.

अथानेशियसच्या पत्रानंतर जवळच्या मठातल्या संन्याशांनी ही पुस्तकं लपवली, असा एक तर्क आहे. आकर्षक आहे, सिद्ध झालेला नाही.

येशूला पकडून देणारा यहूदा इस्कर्योत खरं तर त्याचा लाडका शिष्य होता, असं एका शुभवर्तमानात आहे म्हणे?

यहूदाचं शुभवर्तमान 2006 मध्ये जगापुढे आलं. कॉप्टिक हस्तलिखित तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या आसपासचं आहे. ते न्यूयॉर्क राज्यातल्या एका बँकेच्या लॉकरमध्ये 16 वर्षं पडून होतं, नंतर कोणीतरी ते गोठवलं, आणि जगाच्या हाती आला तो भुगा. पहिल्या भाषांतरात यहूदा नायक दिसला. पुढच्याच वर्षी इतर अभ्यासकांनी दाखवलं की त्याच ओळींचा उलटा अर्थही लागतो. मूळ पुस्तक मात्र आयरेनियसला इ. स. 180 च्या सुमारास ऐकून माहीत होतं. ऐतिहासिक यहूदाबद्दल त्यातून काही कळत नाही. दुसऱ्या शतकातला एक गट जगाच्या निर्मात्याकडे आणि चर्चच्या पुढाऱ्यांकडे किती रागाने पाहत होता, हे कळतं.

आणि येशूची शिष्या मरीया मग्दालीया? ती त्याची पत्नी होती?

एकाही प्राचीन पुस्तकात तिला पत्नी म्हटलेलं नाही. फिलिपच्या शुभवर्तमानात ती येशूची सोबतीण आहे, तो तिचं चुंबन घेत असे असं वाक्य आहे, आणि कुठे ते सांगणाऱ्या जागी पपायरसला भोक पडलंय. 2012 मध्ये गाजलेला "येशूच्या पत्नीचा" तुकडा बनावट निघाला. यापेक्षा मरीयेच्या नावाचं शुभवर्तमान वाचा, अर्धंमुर्धं उरलेलं का असेना. शिष्य घाबरलेत, ती त्यांना धीर देते, येशूने तिला सांगितलेलं सांगते. पेत्र विचारतो, आम्हाला सोडून तो एका बाईशी बोलला? ती रडते. लेवी नावाचा शिष्य पेत्राला सुनावतो की तू नेहमीचाच तापट.

संत थोमा भारतात आले, ही गोष्ट यातल्याच एका पुस्तकातली का?

होय. "थोमाची कृत्यं" हे तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचं, एडेसा (आजच्या तुर्कस्तानात) परिसरातलं, सिरियाक भाषेतलं पुस्तक. प्रेषितांनी देश वाटून घेतले, थोमाच्या वाट्याला भारत आला. तो म्हणाला, मी इब्री माणूस, भारतीयांना कसं शिकवू? तेव्हा येशूने त्याला हब्बान नावाच्या व्यापाऱ्याला चक्क गुलाम म्हणून विकलं. हब्बान विचारतो, काय काम येतं? थोमा सांगतो, लाकडाचे नांगर, जू, होड्या, वल्ही, डोलकाठ्या, दगडाचे खांब आणि राजवाडे. राजा गुदनफर त्याला महाल बांधायला पैसे देतो. थोमा ते गोरगरिबांत वाटून टाकतो. राजा विचारतो, झाला महाल? थोमा म्हणतो, झाला, पण तुला तो मेल्यावर दिसेल. राजा त्याला कोठडीत टाकतो. त्याच रात्री राजाचा भाऊ मरतो आणि स्वर्गात तो महाल पाहून येतो.

बराच काळ गुदनफर काल्पनिक समजला जाई. मग 19व्या शतकात अफगाणिस्तान-पंजाब भागात गोंडोफारेस राजाची नाणी मिळाली, आणि पेशावरजवळच्या तख्त-ए-बाहीचा शिलालेखही. तो पहिल्या शतकाच्या पूर्वार्धातला राजा. यावरून थोमा आलेच असं सिद्ध होत नाही. पण लेखकाला एका खऱ्या राजाचं नाव माहीत होतं, हे नक्की. केरळच्या किंवा चेन्नईतल्या मैलापूरच्या परंपरेचं नाव मात्र या पुस्तकात नाही. ते मान्य न होण्याचं कारण असं की यातला थोमा नवराबायकोलाही शरीरसंबंध सोडायला लावतो, आणि मानीपंथीयांना, म्हणजे तिसऱ्या शतकातल्या मानी या धर्मसंस्थापकाच्या अनुयायांना, हे पुस्तक फार प्रिय होतं.

भारतातल्या जुन्या ख्रिस्ती लोकांकडे अशी पुस्तकं होती?

होती, आणि इथे मात्र दडपशाहीची गोष्ट खरी आहे. केरळचे थोमा ख्रिस्ती सिरियाक बायबल वाचत. त्या परंपरेच्या नव्या करारात 22 पुस्तकं: पेत्राचं दुसरं, योहानाचं दुसरं-तिसरं, यहूदाचं पत्र आणि प्रकटीकरण त्यात नाहीत. जून 1599 मध्ये गोव्याचे आर्चबिशप आलेशो द मेनेझिस यांनी केरळातल्या उदयंपेरूर इथे धर्मसभा भरवली. तिने ही पाच पुस्तकं घालायला लावली आणि नापसंत ग्रंथांची यादी केली. ते ग्रंथ वाचण्यावर, बाळगण्यावर बंदी आली. त्या यादीत "तारणाऱ्याचं बालपण" हे पुस्तक आहे, आणि आक्षेप असे की त्यात योसेफाला आधीची बायको-मुलं आहेत, बाळ येशूच्या खोड्यांबद्दल योसेफ त्याला रागावतो, येशू शाळेत गुरुजींकडे जातो. वर सांगितलेल्या कथाच या. मलबारात त्या वाचल्या जात होत्या! पुष्कळ हस्तलिखितं तेव्हा जाळली गेली. त्यांत काय होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही, आणि या विषयात मला सगळ्यात जास्त दुखणारी गोष्ट हीच आहे.

येशू काश्मीर-लडाखमध्ये येऊन शिकले, हे कोणत्या पुस्तकात आहे?

कोणत्याही प्राचीन पुस्तकात नाही. निकोलस नोटोविच या रशियन प्रवाशाने 1894 मध्ये दावा केला की लडाखच्या हेमिस मठात त्याला असा ग्रंथ वाचून दाखवला गेला. संस्कृतचे अभ्यासक मॅक्स म्युलर यांनी त्याच वर्षी तो खोडून काढला, आणि पुढच्या वर्षी आग्र्याचा एक प्राध्यापक हेमिसला जाऊन आला तेव्हा तिथल्या प्रमुख लामांनी असा ग्रंथ नसल्याचं सांगितलं. "बर्णबाचं शुभवर्तमान" म्हणून फिरणारं पुस्तकही मध्ययुगाच्या अखेरचं आहे. वर आलेल्या बर्णबाच्या पत्राशी त्याचा काही संबंध नाही.

दुसऱ्याच्या नावाने लिहिलेली पुस्तकं म्हणजे खोटी ना?

प्रेषितांच्या नावाने दुसऱ्याने लिहिणं तेव्हाही सर्वांना पटत नव्हतं. पौल आणि थेक्ला यांची कथा पाहा. आजच्या तुर्कस्तानातल्या इकुन्याची थेक्ला खिडकीत बसून तीन दिवस पौलाचं बोलणं ऐकते, ठरलेलं लग्न मोडते, हिंस्र जनावरांपुढे टाकली जाते तेव्हा स्वतःच पाण्यात उडी घेऊन बाप्तिस्मा घेते, आणि शेवटी पौल तिला "जा, शिकव" म्हणतो. उत्तर आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुलियन सांगतो की आशिया प्रांतातल्या एका धर्मगुरूने पौलावरच्या प्रेमापोटी आपण हे लिहिलं असं कबूल केलं आणि त्याचं पद गेलं. तर्तुलियनची खरी तक्रार अशी की बायका या पुस्तकाचा दाखला देऊन शिकवण्याचा आणि बाप्तिस्मा देण्याचा हक्क सांगतात. म्हणजे इ. स. 200 च्या सुमारास तो हक्क मागणाऱ्या बायका होत्या. घटना म्हणून ही कथा मी मानत नाही. त्या बायका होत्या याचा पुरावा म्हणून ती मला अनमोल वाटते.

सगळ्या ख्रिस्ती लोकांची यादी आज तरी एकच आहे का?

नव्या कराराची जवळजवळ एकच. जुन्या करारात फरक मोठा आहे. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चच्या बायबलमध्ये 81 पुस्तकं धरतात आणि त्यात हनोखाचं पुस्तक हे जुनं यहुदी लेखन आहे. गंमत अशी की नव्या करारातल्या यहूदाच्या पत्रात (हा इस्कर्योत नव्हे) त्याच हनोखातला उतारा दिला आहे.

मला वाचायचं आहे. सुरुवात कुठून करू?

डिडाखे आधी. तासाभरात होतं. मग याकोबाचं आद्य शुभवर्तमान, आणि त्यानंतर थोमाच्या कृत्यांचा महालापर्यंतचा भाग. थोमाची वचनं रोज चार-पाच वाचा, शेजारी मत्तय उघडा ठेवा. नाग हम्मादीचं बाकीचं लेखन शेवटी. ते अवघड आहे आणि टिपांशिवाय हाती लागत नाही. इंग्रजी भाषांतरं सहज मिळतात. मराठीत या ग्रंथांचं वाचनीय, सटीप भाषांतर करायला कोणी बसणार असेल तर मी डिडाखेपासून सुरुवात करा असंच सांगेन. छोटं आहे, ग्रीक फार अवघड नाही, आणि पाहुणा तीन दिवस राहिला तर काय समजावं हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागणार नाही.